पिकांच्या मुकादमांचे दप्तर

ज्वारीचे कणीस आपण सर्वांनी हातात घेतलेले आहे. ते पिकते, वाळते आणि कापणीपर्यंत ताटावर तसेच डुलत राहते. वारा येतो, पाखरे येतात, तरी दाणा आपली जागा सोडीत नाही. कणीस खुडून खळ्यावर आणावे, मळावे, तेव्हा कोठे तो सुटतो. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण रानटी ज्वारी याच्या अगदी उलट वागते. तिचा दाणा पिकला रे पिकला की जमिनीवर सांडतो. तिच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. सांडल्याशिवाय पुढल्या पावसात उगवायचे कसे? ज्या ज्वारीचा दाणा सांडत नाही, तिला माणसावाचून वंश चालवता येत नाही. आणि जिचा सांडतो, तिच्यावर माणसाला घर चालवता येत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. शेतीचा आरंभ हा धडा दरवर्षी शिकवताना मी हेच सांगत आलो, की हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी न सांडणारी कणसे तेवढी वेचली, त्यांचेच बी पेरले आणि पीक जन्माला आले. एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माणसानं निवड केली हे समजलं. पण ज्वारीच्या आत काय बदललं?"

प्रश्न सरळ होता आणि मला उत्तर येत नव्हते. मी तिला तसे सांगितले. दुपारी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी संगणक उघडला आणि म्हणाले, "बसा. तुमच्यासारख्या जुन्या दप्तरांत रमणाऱ्या माणसाला हे आवडेल. हेही एक दप्तरच आहे." ते दप्तर कशाचे, ते कसे तयार झाले, त्यात शोध कसा घ्यायचा आणि त्यावर विश्वास कोठवर ठेवायचा, एवढेच आज मला आपणांस सांगायचे आहे.

प्रथम हे पाहू, की नोंद कशाची आहे.

ज्वारीच्या मुळात, पानात आणि दाण्यात जनुके तीच असतात. जनुक म्हणजे वंशपरंपरेने आलेला एकेक हुकूम. एकेक प्रथिन कसे बनवावे, याची ती लेखी आज्ञा. आता सगळीकडे हुकूम तेच असतील, तर मूळ मूळच का होते आणि पान पानच का होते? कारण सगळे हुकूम सगळीकडे एकाच वेळी पाळले जात नाहीत. कोणता हुकूम केव्हा पाळायचा आणि केव्हा नाही, हे ठरवणारी निराळी प्रथिने पेशीत असतात. ती जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि काम सुरू करवतात किंवा थांबवतात. शास्त्रज्ञ त्यांना जनुकनियामक प्रथिने म्हणतात. आपण त्यांना मुकादम म्हणू. ऊसतोडीचा मुकादम स्वतः कोयता चालवीत नाही. पण टोळी कोणत्या फडात उतरायची आणि केव्हा थांबायचे, हे त्याच्या शब्दावर ठरते. मुकादम बदलला की तीच माणसे, तेच कोयते, पण काम निराळे होते. पिकाचेही तसेच आहे. फुलाचा रंग, झाडाची उंची, फांद्यांची संख्या, दाण्याचे सांडणे न सांडणे, अशा कितीतरी गोष्टींच्या मागे एखादा मुकादम असतो.

असा मुकादम असतो, हे माणसाला कळले कसे? ही कथा मक्याच्या कणसापासून सुरू होते.

अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक नावाच्या विदुषी होत्या. त्यांचा जन्म १९०२ चा. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात त्या दरसाल मका पेरीत, स्वतः परागसिंचन करीत आणि कणसातला एकेक दाणा न्याहाळीत. काही दाण्यांवर त्यांना जांभळे ठिपके दिसत. बाकीचा दाणा रंगहीन. ठिपके का? वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांनी अनुमान काढले, की जनुकांच्या माळेतला एक तुकडा आपली जागा सोडून दुसरीकडे उडी मारतो. रंगाच्या जनुकात तो जाऊन बसला की रंग थांबतो. दाणा वाढता वाढता एखाद्या पेशीतून तो निघून गेला की तेथे पुन्हा रंग येतो आणि ठिपका पडतो. या तुकड्यांना त्यांनी नियंत्रक घटक म्हटले. १९५० साली त्यांनी हे छापले आणि १९५१ साली विद्वानांच्या सभेपुढे मांडले. सभेने ते थंडपणे ऐकून घेतले. जनुके म्हणजे माळेत घट्ट ओवलेले मणी, अशी त्या काळची समजूत होती. मणी उड्या कसे मारतील? मॅक्लिंटॉकबाई वाद घालीत बसल्या नाहीत. मका पेरीत राहिल्या. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

मधल्या काळात दुसरीकडून वाट निघाली. १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी आतड्यातल्या एका सूक्ष्म जंतूवर प्रयोग करून दाखवले, की दुधातली साखर समोर आली तरच हा जंतू ती पचवण्याची तयारी करतो. एरवी एक पहारेकरी त्या जनुकांचे काम अडवून धरतो. १९६६ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो पहारेकरी प्रत्यक्ष वेगळा काढला. तो एक प्रथिन निघाला. तोवर अनुमानात असलेला मुकादम असा पहिल्यांदा हाती लागला. पण जंतूचा, पिकाचा नव्हे.

पिकाचा मुकादम सापडायला आणखी वीस वर्षे लागली, आणि तो सापडला तोही मक्यातच. ज्या जागी तो उडता तुकडा बसला म्हणजे दाण्याचा रंग जात असे, त्यांतल्या एका जागेचे नाव होते सी-१. आता उडता तुकडा कसा असतो हे ठाऊक झाले होते. म्हणून त्या तुकड्याचाच गळासारखा उपयोग केला गेला: तुकडा शोधायचा, म्हणजे तो ज्यात अडकला आहे ते जनुकही बाहेर येते. जर्मनीत कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी १९८७ साली सी-१ जनुकाची अक्षरे वाचून जाहीर केली. हा रंग बनवणारा कामगार नव्हता. रंग बनवणाऱ्या टोळीचा मुकादम होता.

आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. या मुकादमाच्या एका भागाची ठेवण पूर्वी कोठेतरी पाहिलेली होती. कोठे? कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग जडवणाऱ्या एका विषाणूत सापडलेल्या, मिब नावाच्या जनुकात! मक्याचा रंग आणि कोंबडीचा रोग यांचा संबंध काय? कामाचा काहीच नाही. संबंध ठेवणीचा आहे. दोघांनाही जनुकाच्या तोंडाशी जाऊन बसायचे असते, आणि बसण्याची ती बैठक दोघांना एकाच फार जुन्या पूर्वजाकडून आलेली आहे. माणसाच्या नाकाडोळ्यांवरून घराणे ओळखावे, तसे बैठकीवरून मुकादमाचे घराणे ओळखता येते, हे यातून पक्के झाले. पुढल्या सगळ्या दप्तराचा पाया हा आहे.

मिब घराण्याचे एक उदाहरण आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागांतलेच सांगतो. हिरवी, बिनबियांची द्राक्षे आपण खातो. द्राक्षाचा मूळ रंग काळा-जांभळा. मग हिरवी द्राक्षे आली कोठून? २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की रंगाचे काम सांभाळणाऱ्या मिब घराण्यातल्या एका मुकादमाच्या तोंडाशी एक उडता तुकडा येऊन बसला आहे, त्यामुळे मुकादम मुका झाला आणि रंगाची टोळी कामाला लागलीच नाही. म्हणजे मॅक्लिंटॉकबाईंनी मक्याच्या दाण्यावर जे पाहिले, तेच आपण द्राक्षाच्या घडात पाहतो आहोत.

१९८७ नंतर एकामागून एक मुकादम सापडू लागले. १९९० साली फुलाचे भाग ठरवणारे दोन सापडले. त्यांची बैठक यीस्टमधल्या एका आणि माणसातल्या एका प्रथिनाशी जुळली, म्हणून या चौघांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून घराण्याला मॅड्स असे नाव दिले. १९९५ साली कळले, की आपल्या बाजारातल्या फुलकोबीचा गड्डाही याच घराण्यातल्या एका मुकादमाच्या बिघाडाशी निगडित आहे. फूल उमलवायचा हुकूमच नीट सुटत नाही, म्हणून कळ्यांच्या जागी पुन्हा पुन्हा नुसते कोंबच येत राहतात. आपण त्याची भाजी करतो!

पण असे एकेक मुकादम शोधायचे तर जन्म पुरला नसता. संपूर्ण खानेसुमारी शक्य झाली ती २००० साली. त्या वर्षाच्या डिसेंबरात ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका क्षुद्र तणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. वनस्पतींत हा पहिलाच. २५,४९८ जनुके मोजली गेली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका चमूने त्यांतले मुकादम वेगळे काढले. ते भरले १,५०० हून अधिक, म्हणजे शेकडा पाचांपेक्षा जास्त. आणि त्यांतले शेकडा ४५ च्या आसपास अशा घराण्यांतले, की जी फक्त वनस्पतींतच आहेत.

मग भाताची पाळी आली. दहा देशांनी गुणसूत्रे वाटून घेतली. आपल्या देशाकडे अकराव्या गुणसूत्राचा एक भाग होता. दिल्ली विद्यापीठ आणि भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी तो पार पाडला. २००५ साली भाताचा जनुकसंच पूर्ण झाला. ज्वारीचा २००९ साली आला, तुरीचा २०११-१२ च्या सुमारास.

एवढा पसारा झाल्यावर दप्तराची गरज भासली. २००३ साली अमेरिकेत ओहायोत एक दप्तर उघडले. पुढे जर्मनीत पॉट्सडॅम येथे एक झाले. चीनमध्ये पेकिंग विद्यापीठाने २००५ साली ॲराबिडॉप्सिसच्या मुकादमांची नोंद केली, आणि २००८ साली २२ वनस्पतींचे एकत्र दप्तर काढले. त्याचे नाव प्लँट टी-एफ-डी-बी. २०११ साली त्यात ४९ वनस्पती झाल्या, २०१४ साली ८३. आणि २०१७ साली जी चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात १६५ वनस्पतींतले ३,२०,३७० मुकादम ५८ घराण्यांत लावलेले होते. हिशेब करा: दर वनस्पतीमागे सरासरी १,९०० च्या वर. आमच्या प्राध्यापकांनी मला दाखवले ते हेच. पाहायला कोणाला पैसे पडत नाहीत.

आता शोध घ्यायचा कसा?

मी उत्साहाने 'ज्वारी' असे लिहू लागलो. ते हसले. या दप्तराला आपली नावे कळत नाहीत. तेथे पिकाचे शास्त्रीय नाव हवे. ज्वारीचे आहे सोरघम बायकलर. ते निवडले की ज्वारीची घराणी एकाखाली एक उभी राहतात. घराण्यावर बोट ठेवले की त्यातले मुकादम दिसतात. एकेकाच्या नावापुढे त्याची अक्षरमाला, त्याची बैठक, ॲराबिडॉप्सिसमधला त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद, असे रकाने असतात. दुसरी वाट अशी, की आपल्याजवळ एखाद्या प्रथिनाची अक्षरमाला असेल तर ती तेथे द्यायची. संगणक तिच्याशी जुळणारे नातेवाईक हुडकून देतो, जवळचा आधी, लांबचा नंतर. हरवलेल्या माणसाचा पत्ता त्याच्या आडनावावरून काढतात ना, तसेच थोडेफार.

पण माझा प्रश्न ना घराण्याचा होता, ना अक्षरमालेचा. माझा प्रश्न होता, 'दाणा कोण धरून ठेवतो?' मी विचारले, "हे कोठे लिहायचं?" ते म्हणाले, "हे येथे लिहिता येत नाही."

श्रोतेहो, त्या क्षणी मला आमच्या तलाठ्याचे दप्तर आठवले. सात-बाराचा उतारा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. त्यात सात नंबरात जमीन कोणाच्या नावावर हे असते, आणि बारा नंबरात त्या जमिनीत पीक काय उभे आहे हे असते. सात नंबर दप्तरावरून भरता येतो. बारा नंबर भरायला मात्र शिवारात जाऊन पीकपाहणी करावी लागते. मुकादमांच्या या दप्तरात सात नंबर भरलेला आहे. घराणे कोणते, गोतावळा कोणता, हे संगणकाने बैठकीवरून ठरवले आहे. पण बारा नंबर, म्हणजे हा मुकादम प्रत्यक्षात करतो काय, हा रकाना पुष्कळ नावांपुढे कोराच आहे. किंवा ॲराबिडॉप्सिसमधल्या भाऊबंदाच्या कामावरून अंदाजाने भरलेला आहे. आता त्या तणाला शेंगा येतात. कणीस येत नाही. कणसातला दाणा कोण धरतो, हे ते तण आपल्याला कसे सांगणार?

मग ज्वारीचा बारा नंबर कोणी भरला? तो शेतात भरला गेला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठातील संशोधकांनी रानटी ज्वारी आणि लागवडीची ज्वारी यांचा संकर केला. पुढच्या पिढ्यांत कोणत्या झाडाचा दाणा सांडतो आणि कोणत्याचा नाही, हे झाडागणिक तपासले आणि गुणसूत्रावरची जागा आवळीत आवळीत एका जनुकावर आणली. २०१२ साली त्यांनी ते जाहीर केले. त्याचे नाव शॅटरिंग-१, आणि ते याबी नावाच्या घराण्यातले निघाले. हे घराणे लहान आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये या घराण्याचे ६ मुकादम आहेत, भातात ८. रानटी ज्वारीत हा मुकादम धडधाकट असतो. दाण्याच्या देठाशी तुटण्याची जागा तयार करवून घेतो. लागवडीच्या ज्वारीत तो बिघडलेला आहे. आणि एकाच प्रकारे बिघडलेला नाही, तीन निरनिराळ्या प्रकारांनी! म्हणजे न सांडणारे कणीस माणसाने एकदाच वेचले नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या शेतात तीच गोष्ट हेरली. मी इतिहास शिकवतो. पण नाव-गाव नसलेल्या त्या शेतकऱ्यांचा इतका चोख पुरावा मला कोणत्याही बखरीत सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उत्तर दिले. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला. "मग भाताचाही हाच मुकादम का, सर?"

भातातही दाणा धरण्याचा एक मोठा टप्पा २००६ साली उलगडला होता. तेथला प्रमुख मुकादम निराळा. त्याचे नाव एस-एच-४. ज्या संशोधकांनी तो शोधला, त्यांनी त्याची बैठक मिबसारखी म्हटली. २००७ साली दुसऱ्या एका चमूने त्याच मुकादमाचे वर्णन ट्रायहेलिक्स घराण्यातला असे केले. म्हणजे एकाच माणसाला दोन आडनावे झाली! मिबच्या कप्प्यात शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल, आणि मुकादम शेजारच्या कप्प्यात बसलेला असेल. जुन्या मोडी कागदांत कुलकर्ण्यांचे घराणे शोधताना ते मध्येच गावाच्या नावाने लिहिलेले आढळते, तसलाच हा प्रकार. म्हणून आमच्या प्राध्यापकांनी मला पहिला धडा दिला, तो मी आपणांस देतो: या दप्तरात नावाने शोधू नये, अक्षरमालेने शोधावे. नावे माणसांनी ठेवलेली असतात. अक्षरमाला त्या प्रथिनाची स्वतःची असते.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

ओडिशात महापुराच्या पाण्याखाली भात आठ-आठ, दहा-दहा दिवस बुडते आणि कुजते. पण तेथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या काही वाण असे राखले होते, की जे पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राहत. अशाच एका स्थानिक वाणातून निवड करून कृषिखात्याने एफ-आर-१३-ए या नावाचा वाण केला. त्याचे उत्पन्न बेताचे, दाणा जाडाभरडा; पण पुरात तग धरण्याचा गुण अस्सल. पुढे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांतल्या संशोधकांनी त्या गुणाचा माग काढला. २००६ साली मुकादम हाती लागला. त्याचे नाव सब-१-ए. तो पाण्याखाली गेलेल्या रोपाला म्हणतो, वाढू नकोस, धडपडू नकोस, जवळची शिदोरी राखून ठेव. इतर वाण पाण्यावर डोके काढायच्या धडपडीत सारी साखर जाळून टाकतात आणि पाणी ओसरल्यावर कोसळतात. हा गुण लोकप्रिय स्वर्णा वाणात संकराने आणला, आणि स्वर्णा-सब-१ या नावाने तो वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला. दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहूनही तो सावरतो.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. २००५ साली दहा देशांनी मिळून ज्या भाताचा जनुकसंच अक्षर-अक्षर वाचला, तो निप्पोनबारे नावाचा जपानी वाण होता. सगळ्या जगात भाताचा नमुना म्हणून तोच वापरतात. त्या नमुन्यात सब-१-ए हा मुकादम मुळातच नाही! त्याचे दोन भाऊ आहेत, तो नाही. म्हणजे त्या परिपूर्ण नमुन्यावरून केलेली मुकादमांची यादी तुम्ही रात्र रात्र चाळली असती, तरी कोट्यवधी शेतकऱ्यांच्या उपयोगाचा हा एक मुकादम तुम्हांला तेथे भेटला नसता. तो ओडिशातल्या बेताच्या उत्पन्नाच्या, दुर्लक्षित बियात होता. ते बी जर कोणी 'आता काय कामाचे' म्हणून टाकून दिले असते, तर?

दप्तरात नाही, म्हणजे शेतात नाही, असे समजू नये. माझ्या आजच्या बोलण्याचे सार म्हणाल तर एवढेच. दप्तर आवृत्तीगणिक जुने होते. वर सांगितलेली चौथी आवृत्ती २०१७ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. बाजरीचा संपूर्ण जनुकसंच त्यानंतर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आला. आणि ज्वारीचा जो जनुकसंच वाचला गेला, तोही एकाच वाणाचा. मालदांडी असो, दगडी असो, की तुमच्या आजीने मडक्यात राख घालून ठेवलेले बी असो, त्या प्रत्येकाच्या आत काय आहे ते त्या एका वाणावरून कळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, "मग दप्तर हवे कशाला?" हा दुसऱ्या टोकाचा अविचार झाला. गव्हाचेच बघा. १९६६ साली आपल्या देशाने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि गव्हाच्या पिकाचे रूपच पालटले. तो बुटकेपणा मूळ जपानच्या नोरिन-१० या वाणातला. गहू बुटका का होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९९९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले, की वाढीचा निरोप ऐकणारा एक नियामक बदलला आहे. निरोप येतो, पण तो ऐकत नाही. हा नियामक ग्रास नावाच्या घराण्यातला. दप्तरामुळे झाले काय? गव्हात जो सापडला त्याचे नातेवाईक मक्यात कोणते, भातात कोणते, हे आज घटकाभरात पाहता येते. पूर्वी ज्या शोधाला एका माणसाची उमेद खर्च पडे, तेथे आता कोठून सुरुवात करावी हे तरी लगेच कळते. दप्तर वाट दाखवते. चालायचे शिवारातच असते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. जेथे संगणक आणि जोडणी आहे तेथे वरच्या वर्गातल्या मुलांना हे दप्तर एकदा जरूर उघडून दाखवा. ज्वारीचे पान काढा, घराणी मोजायला लावा, एकाच घराण्यातले ज्वारीचे आणि भाताचे मुकादम शेजारी ठेवून त्यांची अक्षरे जुळतात का ते पाहू द्या. मुलांना त्यात मजा येते, हा माझा अनुभव आहे. पण त्याच दिवशी त्यांना दुसरी एक वहीही घालायला सांगा. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचे: पूर्वी कोणते बी पेरीत होता? ते पाण्यात टिके की अवर्षणात? त्याला कीड लागे का? दाणा झडे का? ते बी अजून कोणाच्या घरी आहे? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावोगावचे देशी बियाणे गोळा करून जपले, आणि २०२० साली देशाने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या मडक्यांत आणि डब्यांत जे आहे, त्याचा बारा नंबर अजून कोणी भरायचा आहे.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. तिने ती वही घातली. तिच्या आजोळी एका मळ्यात बांधाकडेला एक ज्वारी येते. तिचे कणीस पिकले की अर्धे दाणे जमिनीवर असतात. आजी तिला वैतागून उपटून टाकीत असे. मुलीने सांगितले, "आजी, यंदा चार ताटं राहू दे." आजीने राहू दिली. मुलीने झाडागणिक सांडलेले आणि राहिलेले दाणे मोजून लिहिले, आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्यात एकही अक्षरमाला नव्हती. तारीख होती, शेताचा गट नंबर होता, आणि दाण्यांचे आकडे होते.

मी ती वही आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दिली आहे. त्यांनी ती कपाटात ठेवली नाही. टेबलावर, संगणकाशेजारी ठेवली आहे.